सालीची भाजी आणि पलंगाखालचं पोतं

कलिंगड आतून लाल असतं, हे मी कुवेतमधल्या, अब्बासियातल्या त्या खोलीत हळूहळू विसरलो. लाल भाग पाच मिनिटांत संपायचा. मग आठवडाभर पांढरा चालायचा.

जयरामकाका माझे रूम पार्टनर. वेंगुर्ल्याचे, राई भागातल्या एका फर्निचर शोरूमचे सुतार. ‘काय रांधूक येता?’ या त्यांच्या प्रश्नाला मी ‘मॅगी’ म्हणालो, आणि शिकवणी सुरू झाली. हिरवी साल इतकी पातळ काढायची की आरपार माणूस ओळखता आला पाहिजे. पांढऱ्याच्या फोडी, भिजवलेले मसूर, वरून खोबरं. शिळा खबूस, म्हणजे इथली रोटी, चुरून, ताक शिंपडून फोडणीला. कोळंबीची डोकी वाटून, गाळून सार. कोळंबी कुठे जायची देव जाणे. आमच्याकडे डोकीच यायची.

“काका, आपण पगारदार माणसं आहोत.”

“मेल्या, पगार चावून खातंस काय?”

नव्वद साली कुवेतमध्ये इराकी सैन्य आलं तेव्हा हा माणूस इथेच, खैतानात अडकला होता. त्याच्याशी वाद कोण घालणार?

पण दोन हजार तीनच्या मार्चमध्ये माझं डोकं फिरलं. शेजारच्या इराकवर हल्ला होणार म्हणून अख्खी बिल्डिंग धान्य वाहून आणत होती. वरच्या मजल्यावरच्या नूरुद्दीनभाईने बाथटबमध्ये डाळ भरली. आंघोळीचं काय, हे विचारायची ती वेळ नव्हती. जयरामकाकांनी मात्र नेहमीसारखा अर्धा किलो तांदूळ आणला.

“काका, एक पोतं घेऊया.”

“नको.”

“युद्ध होणार आहे!”

“म्हणान तर नको.”

म्हणजे शांततेत साली खायच्या आणि युद्धात उपास! मी गुपचूप एक पोतं आणून पलंगाखाली कोंबलं. पलंग किंचित वर आला. काका सुतार, त्यांच्या नजरेतून एक सूत सुटत नाही.

मग एका संध्याकाळी भोंगा वाजला. विषारी गॅसच्या भीतीने खिडक्यांना प्लास्टिक आणि टेप लावून आम्ही बसलो होतो. काका वाकले, पोतं ओढलं, सुरीने शिवण उसवली आणि टोपभर तांदूळ धुवायला घेतले.

“काका, ते अडचणीसाठी आहे!”

“मगे ही काय वरात आसा?”

तांदूळ धुताधुताच सांगू लागले. नव्वद साली ते आणि त्यांचा गाववाला शत्रुघ्न, दोघांत एक पोतं. काका रोज मूठभर तांदळाची पेज करायचे. शत्रुघ्न रोज म्हणायचा, एकदा तरी पोटभर भात घाल. काका म्हणायचे, फुडे लागात. एका सकाळी सुटकेसाठी अम्मानकडे जाणारी बस आली. प्रत्येकी एकच पिशवी.

“अर्धा पोता थंयच रवला,” काका म्हणाले. “शत्रुघ्न वाटेत माझ्याशी बोललो नाय. अजून बोलना नाय.”

मी सुक्या मिरच्या मोडून सालीच्या भाजीच्या फोडणीत टाकल्या. टेप लावलेल्या घरात. धूर जाणार कुठे? आम्ही दोघे असे खोकलो की नूरुद्दीनभाई तोंडाला ओला टॉवेल बांधून “गॅस! गॅस आ गया!” ओरडत खाली आला. मी प्लास्टिक टराटरा फाडलं. त्याने कढईत पाहिलं.

“तरबूज का छिलका?”

“हां.”

“इससे तो गॅस अच्छा था,” म्हणाला, आणि मांडी घालून बसला.

काकांनी ताटं वाढली. माणसं तीन, ताटं चार. चौथ्यावर भाताचा डोंगर.

“हे कोणाचं?”

“शत्रुघ्नाचा.”

आम्ही जेवलो. डोंगर तसाच निवत राहिला. नूरुद्दीनभाईने टॉवेल उचलला आणि डाळ बघायला म्हणून पळाला. काकांनी ताट माझ्यापुढे सरकवलं.

“टाकूचा नाय, बाळा.”

“माझं पोट भरलंय!”

“तुझा भरला. तेचा खंय भरला?”

मी ताट ओढलं. एका माणसाची नव्वद सालातली भूक मी दोन हजार तीनमध्ये शेवटच्या शितापर्यंत संपवली. तीही सालीच्या भाजीसोबत.