शेपटी कापलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट्‌स कार आहे, पण आयुष्यात वीतभरही धावलेली नाही. मी मेणमातीची आहे, खऱ्या गाडीच्या पाव आकाराची. गाड्यांची रूपे ठरवणाऱ्या ताईने भट्टीत मऊ केलेल्या गोळ्यांतून मला घडवले. नाक बुटके, छप्पर बसके आणि मागे लांब, खाली झुकत गेलेली शेपटी. ताईचा सगळा जीव त्या शेपटीत. येता-जाता ती तिच्यावरून हात फिरवायची. मग मला डुलकी लागायची आणि स्वप्नात मी रिकाम्या रस्त्यावरून सुसाट सुटायचे.

तिचा धाकटा भाऊ वाऱ्याच्या बोगद्यात काम करायचा. तिथे गाडी जागची हलत नाही, वाराच तिच्या अंगावर धावून येतो. भावाने माझ्या अंगभर लोकरीचे धागे चिकटवले आणि भलामोठा पंखा सुरू केला. नाकावरचे, छपरावरचे धागे शहाण्या मुलांसारखे आडवे पडले. शेपटीवरचे मात्र सैरावैरा नाचू लागले. छपरापर्यंत मला बिलगून आलेला वारा त्या उतारावर सुटत होता. मागे भोवरे उठत होते आणि तेच मला मागे खेचत होते.

"ताई, शेपटी आखूड कर. नाहीतर ठरलेला वेग मिळायचा नाही, आणि मग ही गाडी बनणारच नाही."

"अरे, शेपटी काढली तर उरलं काय तिच्यात?"

"मग तूच बघ बाई. मला नाही जमणार कापायला. मलाही आवडते ती."

ताईने शेपटीवरून एकदा हात फिरवला. मग तिने माती कापायची तार दोन्ही हातांत ताणली आणि शेपटी सरळ कापून टाकली. पंखा पुन्हा सुरू झाला. वारा कापलेल्या कडेशी आला आणि मुकाट्याने मला सोडून गेला. धागे शांत झाले. भावाने टाळ्या वाजवल्या; ताईला मात्र रडू आवरेना.

माझ्यावरून खरी गाडी बनली. लोक तिच्या आखूड पाठीचे तोंड भरून कौतुक करतात. मी कोठीत, चादरीखाली. नव्या गाडीसाठी माती लागली की बाकीचे जुने नमुने भट्टीत जातात. मला मात्र ताई कुणाला हात लावू देत नाही. "एकदा कापलंय मी तिला. आता पुरे," म्हणते.

मित्रांनो, मला खरोखर जपायचे असेल तर झाकून ठेवू नका. मला ऊब द्या, मऊ करा, नवे नाक द्या, नवी पाठ द्या. आणि ताईला एवढे सांगा, की तिने तार ओढली तेव्हा मला जराही दुखले नाही. उलट, जागेपणी पहिल्यांदाच वाटले, आता आपण धावू शकू.