कोटाची सहा बटणं

जुने कपडे देताना मी बटणं आधी कापून घेते. आईची सवय, माझ्यात उतरली. कपडा जाईना का, चांगली बटणं का म्हणून जाऊ द्यायची? बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा बटणांनी गच्च भरलाय माझ्याकडे.

आमच्या कोपऱ्यावर लोकांनी दिलेले कपडे गरजूंना स्वस्तात विकणारं दुकान आहे. मध्यंतरी तिथे पिशवी नेऊन दिली. काउंटरवरच्या बाईने माझा हिरवा कोट उलटापालटा केला. "कोट छान आहे हो, पण एकही बटण नाही याला."

"फुकट दिलेल्या कोटाला बटणंही पाहिजेत का?" मी फटकन बोलले. "ज्याला गरज असेल तो बांधेल दोरीने!"

माझ्या मागे उभ्या दोघी फिसकन हसल्या. काय शहाणी वाटले मी स्वतःला!

आठवड्याने धाकटी बहीण आली. मेहुण्यांचा कारखाना बंद पडल्यावर ती दोन महिन्यांपूर्वी इकडे, आमच्याच भागात राहायला आलीय. "भागतंय ना गं?" असं मी फोनवर विचारायची, ती "भागतंय" म्हणायची. मलाही तेवढंच ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू?

दार उघडलं तर तिच्या अंगावर माझा कोट. पुढून सेफ्टी पिना लावलेल्या. मी दोनदाच घातला होता तो, तिने कधी पाहिला नव्हता.

"ताई, उद्या मुलाखत आहे माझी, शाळेच्या ऑफिसात. अशी पिना लावून कशी जाऊ? तुझ्या डब्यात एकसारखी सहा बटणं मिळतील का गं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कोट कुठून आणला ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. सख्खी बहीण चार गल्ल्या सोडून राहते आणि कोटासाठी ती त्या दुकानात गेली.

"डबा कुठे ठेवलाय कोण जाणे," मी म्हणाले.

"अगं, हा काय फ्रिजवर!" तिने तो काढून पलंगावर उपडा केला. लहानपणी आईचा डबा आम्ही असाच ओतायचो. ती खुशीत चाचपू लागली. "अय्या, हे बघ! रंगसुद्धा तोच!" एकेक करत पाच सापडली, मग सहावं. सहाव्याच्या भोकात हिरवा दोरा तसाच राहिला होता. कोटावरही त्याच दोऱ्याची टोकं उभी होती.

तिने बटण पाहिलं, कोट पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"सुई दे," एवढंच म्हणाली.

माझ्याने दोरा ओवेना. "दे इकडे," म्हणून तिनेच ओवला. सहाही बटणं तिने शिवली. मी शेजारी बसून राहिले. माफी मागायला तोंड उघडत होते, पण एरवी चुरूचुरू चालणारी माझी जीभ हलेचना.

शेवटचा दोरा तिने दातांनी तोडला, कोट घातला, वरपासून खालपर्यंत बटणं लावली.

"तुला कसा दिसायचा गं, ताई?" तिने विचारलं.