ओवैसनं मध्यावरून मारलेला गोल

अलीमियाँ आखातात, मनामा शहरातल्या एका खाजगी डिप्लोमा कॉलेजात वेल्डिंग शिकवायचे आणि संध्याकाळी तिथल्याच फुटबॉल टीमला खेळ. मूळचे दाभोळचे. दोन्हीकडे त्यांचा धडा एकच: घाई नको, आधी पाया पक्का करा. चेंडू पायात थांबवायचा, जवळच्याला द्यायचा, आपल्या जागेवर परतायचं, एवढंच त्यांनी वर्षभर पोरांकडून घोटून घेतलं. लांबून गोलवर मारायला सक्त मनाई होती. "जुगार खेळायचाय त्यानं दुसरी टीम बघावी," असं ते म्हणत.

१९९६च्या हिवाळ्यात टीम पहिल्यांदाच कॉलेजांच्या स्पर्धेत सेमीफायनलला पोचली. सामना जवळच्या अस्कर गावातल्या मैदानावर होता. दोन मिनिटं उरली तरी एकही गोल नाही. पोरं शिकवल्याप्रमाणे चेंडू इकडून तिकडे फिरवत होती आणि समोरचे निवांत वाट अडवून उभे होते. तेवढ्यात चेंडू ओवैसकडे आला. ओवैस म्हणजे अलीमियाँच्या बहिणीचा, हुस्नाचा मुलगा. गोलकीपर बराच पुढे आलेला त्यानं पाहिला आणि थेट मैदानाच्या मध्यावरून लाथ हाणली. चेंडू गोलकीपरच्या डोक्यावरून जाळीत.

सामना संपताच पोरांनी ओवैसला खांद्यावर घेतलं. अलीमियाँ मात्र जागचे हलले नाहीत. आनंद झाला होता हे खरं, पण त्यावर आपला हक्क आहे की नाही, तेच त्यांना कळेना.

परतताना गाडीत ओवैसनं विचारलं, "मामू, नाराज हो?"

"नाराज नाही रे. पण असे दहा मारशील तर नऊ वाया जातील."

"तो ये दसवाँ था," ओवैस म्हणाला.

घरी बायकोनं, आबिदानं, चहा पुढे ठेवला. "जिंकलात ना? मग तोंड असं का?"

"जिंकलो. पण मी शिकवलं त्यानं नाही."

"मग आता ते दुसरं शिकवा."

"ते शिकवता येत नाही, तीच तर पंचाईत आहे."

फायनल पुढच्या गुरुवारी होती. सोमवारी त्यांनी नुसते पास करून घेतले. मंगळवारी सगळ्यांना लांबून मारायला लावलं. चाळीसातले तीन आत गेले, एक भिंतीपलीकडे गेला तो मिळालाच नाही. बुधवारी त्यांनी सराव रद्द केला. गुरुवारी मैदानात उतरण्याआधी ते पोरांना म्हणाले, "आपला खेळ सोडू नका. पण संधी दिसली, तर..."

"तर क्या, सर?" कॅप्टन आकिबनं विचारलं.

"तर बघा."

फायनलमध्ये ते एका गोलनं मागे पडले. शेवटच्या पाच मिनिटांत पुन्हा तसंच झालं. चेंडू ओवैसच्या पायात आणि गोलकीपर पुढे. अलीमियाँच्या तोंडून आपसूक निघालं, "मार!"

ओवैसनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यानं चेंडू शेजारच्या आकिबला दिला. पास अगदी शिकवल्यासारखा, स्वच्छ. तोवर गोलकीपर मागे परतला होता. आकिबचा फटका त्यानं आरामात धरला. एक-शून्य, खलास.

"मी मार म्हणालो होतो," नंतर अलीमियाँ म्हणाले.

ओवैस बूट सोडत होता. "मुझे लगा आप डाँट रहे हैं. आपने कभी ऐसा बोला ही नहीं था, मामू."

अलीमियाँ त्याच्याजवळ बसले. पोरानं आपलं ऐकलं म्हणून हरलो की ऐकलं नाही म्हणून, हे त्यांना काही केल्या सुटेना. त्यांनी नुसताच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

शनिवारी त्यांनी कॉलेजच्या मैदानाच्या मध्यावर चेंडू ठेवला आणि ओवैसला मारायला सांगितलं. पहिला आत गेला. दुसरा बाहेर, तिसराही बाहेर. चौथा पुन्हा आत. यावरून काय समजायचं? शेवटी त्यांनी आकिबला एका बाजूला पासची रांग लावायला सांगितली आणि ओवैसला दुसऱ्या बाजूच्या गोलवर मारत राहायला. शिट्टी हातात धरून ते मधोमध उभे राहिले. थोडा वेळ इकडे बघत, थोडा वेळ तिकडे.