साडूची वेबसाइट

सासऱ्यांनी दोन्ही जावयांना एकच धंदा शिकवला, तिथेच सगळा घोळ झाला. धंदा सोफे-खुर्च्या नव्याने मढवायचा. जुनं कापड उसवायचं, बसलेल्या स्प्रिंगा बदलायच्या, नवा फोम घालायचा आणि वरून कापड असं ताणायचं की सुरकुती औषधालाही सापडू नये. थोरल्या जावयाचा हात या कामात बसलेला होता. सासरे स्वतः चारचौघांत तसं सांगायचे. धाकट्याबद्दल ते एवढंच म्हणत, "पोरगं गोड बोलतं."

सासरे गेल्यावर दोघांनी आपापली दुकानं थाटली. थोरल्यांचं बाजारातल्या मुख्य रस्त्यावर, धाकट्यांचं मागच्या गल्लीत. तिथे जायचं तर गिऱ्हाइकाला दोनदा वाट विचारावी लागे. त्यामुळे बरीच वर्षं थोरल्यांच्या जिवाला स्वस्थता होती.

एक दिवस जेवताना बायको म्हणाली, "अहो, धाकटीकडे नवीन कामं घेणं बंद केलंय म्हणे. हातातलीच उरकत नाहीत."

"कुणाला उरकत नाहीत? त्याला?"

"वेबसाइट काढलीये ना त्यांनी. लोक लांबून टेम्पोत घालून सोफे पाठवतात."

थोरल्यांचा घास तोंडातच फिरला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला लागतो?"

"मग येतंय का कुणी कांकण बघायला?" बायकोने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी नव्हतं तेव्हा त्यांनी फोनवर ती वेबसाइट उघडली. नुसतं बघायला. साडूचा स्वभाव पाहता काहीतरी भडक, नाचरं असेल अशी त्यांची खात्री होती. निघालं भलतंच. पांढरं पान, त्यावर एक निळी आरामखुर्ची, आणि शेजारी तीच खुर्ची फाटकी असतानाची. खाली साध्या भाषेत लिहिलेलं: काम किती दिवसांत होतं, घरात लहान मुलं असतील तर कुठलं कापड घ्यावं, खुर्चीचे फोटो कसे काढून पाठवावे. आणि नकाशा असा, की औषधाच्या दुकानापासून वळलं की माणूस थेट साडूच्या दारात. गल्लीचा दोष त्या नकाशाने पुसूनच टाकला होता. थोरले मुख्य रस्त्यावर बसून माशा मारत होते आणि लोक त्यांच्या दारावरून त्या गल्लीत शिरत होते.

त्यांनी निळी खुर्ची बोटांनी मोठी करून करून पाहिली. खुर्चीच्या डाव्या हाताखाली एक सुरकुती सापडली. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी जेवायला घरी गेल्या गेल्या बायकोला दाखवली.

"बघ, कोपरा कसा मारलाय! ढेकूण संसार थाटेल त्यात."

"ते तुम्हाला दिसतं," बायको म्हणाली. "लोकांना एवढंच दिसतं की आपलीही खुर्ची अशी होईल."

झालं. नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याच संध्याकाळी थोरले बाजारातल्या छपाईवाल्याकडे गेले. तो पाट्या रंगवी, व्हिजिटिंग कार्डं छापी आणि मागितली तर वेबसाइटही काढून देई. थोरल्यांनी साडूचं पान त्याच्यासमोर धरलं. "मला अश्शी पाहिजे. डिट्टो."

छपाईवाल्याने शब्द पाळला, आणि वर स्वतःची हौसही भागवून घेतली. उघडलं की गाणं वाजे. लाल अक्षरं इकडून तिकडे पळत. सोफ्यावर बसून एक गोरं जोडपं उगाचच हसत होतं. आणि खाली साडूचेच फोटो, निळ्या खुर्चीसकट.

"हे त्याचे फोटो आहेत," थोरले म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात डिट्टो. तुमचे द्या, बदलतो."

थोरल्यांकडे स्वतःच्या कामाचा एकही फोटो नव्हता. काढू, देऊ, असं म्हणत दिवस गेले. शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली, की विद्या एकाच सासऱ्याची, मग खुर्ची याची काय अन् त्याची काय.

फोन फारसे आले नाहीत. आले ते पत्ता विचारायला, कारण पत्ता त्या पळत्या अक्षरांत कुठेतरी हरवला होता. मग एक दिवस एक वकीलबाई दुकानात आल्या. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि निळ्या खुर्चीवर बोट टेकवलं.

"ही तुम्ही केलीत?"

थोरल्यांनी मोजपट्टी गुंडाळायला घेतली. "आमच्याकडचीच आहे."

"ही माझ्या वडिलांची खुर्ची आहे. माझ्या घरात आहे. मागच्या गल्लीत करून घेतली मी." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "त्यांच्याकडे आता तारीख मिळत नाही, म्हणून भावाच्या सोफ्यासाठी दुसरं दुकान शोधत होते. तुम्ही काम चांगलं करतही असाल. पण ते मला कळायचं कशावरून?"

कापडाचे नमुने बघत उभी असलेली दोन गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली. वकीलबाई निघून गेल्या. थोड्या वेळाने ती गिऱ्हाइकंही गेली.

बाई साडूला सांगायच्या आत आपणच सांगावं म्हणून थोरले त्या गल्लीत गेले. धाकटे गुडघ्यावर बसून एका सोफ्याला पट्टे ठोकत होते.

"या भाऊ," ते उठले. थोरल्यांनी कसंबसं तोंड उघडलं, तर धाकटेच म्हणाले, "फोटोंचं ना? मला माहीत आहे. हिने केव्हाच दाखवले. म्हटलं असू दे. तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला. माझ्या खुर्च्या तुमच्या नावावर खपल्या, तर मान माझाच."

थोरल्यांना वाटलं, याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. वर धाकट्यांनी स्वतःहून आपल्या वेबसाइटवालीचा नंबर दिला. "मुलगी हुशार आहे. आधी माझ्या दुकानात दिवसच्या दिवस नुसती बसून राहिली. गिऱ्हाईक काय विचारतं ते ऐकत."

नंबर घेणं थोरल्यांच्या जिवावर आलं, पण त्यांनी तो घेतला. छपाईवाल्याला सांगून गाणंबिणं सगळं बंद करायला लावलं आणि ते त्या मुलीकडे गेले. तिने मेहनताना सांगितला तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठलेच.

"अहो ताई, छपाईवाल्याने याच्या पावपटीत काढून दिली होती!"

"काका, गिऱ्हाईक स्वस्तातला फोम मागतं तेव्हा तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, की लवकर बसेल."

"मग ती गाणारी वेबसाइट किती दिवसांत बसली?"

थोरले परत खाली बसले.

"साडूंपेक्षा तुम्ही वेगळं काय करता?" तिने विचारलं.

"सगळंच चांगलं करतो."

"हे सगळेच म्हणतात. अलीकडे काय काय केलंत ते सांगा."

त्यांनी आठवून सांगितलं. न्हाव्याच्या तीन खुर्च्या. दातांच्या डॉक्टरांची खुर्ची. एका दवाखान्यातली बाकडी.

"ही मंडळी तुमच्याकडेच का येतात?"

"त्यांना दुकान बंद ठेवून कसं चालेल? मी त्यांच्या सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन काम करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक त्याच खुर्चीवर बसलेलं असतं."

"आणि हे कुणाला माहीत आहे?"

"ज्यांचं केलं, त्यांना."

तिने पेन खाली ठेवलं. "मग बाकीच्यांनाही कळू दे की!"

ती त्यांच्याबरोबर एका केशकर्तनालयात दिवसभर बसली, फोटो काढले, न्हाव्याला बोलतं केलं. तयार झालेल्या पानावर सगळ्यात वर एवढंच होतं: "तुमची सुट्टी, आमचं काम. उद्या दुकान नेहमीप्रमाणे सुरू." खाली फाटक्या खुर्च्या, मग नव्या, आणि मोठ्या आकड्यांत फोन नंबर. लगेच काही झालं नाही. थोरले फोन हलवून हलवून बघत, बंद पडलाय का म्हणून. मग एका चष्मेवाल्याचा फोन आला, त्याने आपल्या डॉक्टर मेहुण्याला सांगितलं, आणि बघता बघता थोरल्यांनाही लोकांना पुढच्या तारखा द्याव्या लागल्या.

पुढे एकदा धाकटीने थोरल्यांना नि बहिणीला जेवायला बोलावलं. बोलता बोलता धाकटे म्हणाले, "भाऊ, दवाखान्यांची कामं मोठी असतात, नाही? माझ्याकडे कुणी विचारतच नाही."

"तुमची वेबसाइट हे रोज उघडून बघतात," धाकटी वाढता वाढता म्हणाली, "आणि मग दिवसभर माझ्यावर खेकसतात."

धाकट्यांचं हसू जरासं ओशाळलं. थोरल्यांनी ते डोळे भरून पाहिलं आणि पुन्हा भात मागून घेतला. इतकं रुचकर जेवण त्यांना त्या घरात कधीच लागलं नव्हतं.

परत येताना रस्त्याने ते शीळ घालत होते. मग चालता चालता त्यांनी फोन काढला, सहज, आणि दिव्याच्या खांबाखाली थांबले.

"अगं, याने वेताच्या खुर्च्या टाकल्यात वेबसाइटवर!"

"मग?"

"मग काय? वेत विणायला हा कधी शिकला? कुणाकडे शिकला?"

"चला आता, उशीर होतोय," बायको म्हणाली. पण थोरले तिथेच उभे राहून दोन बोटांनी ते विणकाम मोठं करून बघत होते.