सूप अळणी आहे

त्या गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात फोडणी चरचरली, तेव्हा मी टीव्हीखालच्या कप्प्यात पडून होते. मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. वास मला येत नाही, पण आवाज मी विसरत नाही. ती आमटीची फोडणी होती. शत्रुघ्नबाबा आमटी करत होते, आणि दाराशी त्यांची बॅग भरून तयार होती. कुवेत सोडून कायमचं कुडाळला जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. विमान रविवारचं होतं.

जेवणं झाल्यावर त्यांनी मला मशीनमध्ये सरकवलं. शेजारी त्यांची लेक समिधा फोनवर बँकेची कामं उरकत बसली होती.

माझ्या पोटात काय आहे ते सांगते. सैन्यावरची एक विनोदी इंग्रजी मालिका तेव्हा फार गाजली होती. ती संपल्यावर तिच्यातला म्हातारा आचारी उचलून त्याच्यासाठी नवी मालिका काढली. निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयात तो गुडघ्यावर उपचार घ्यायला येतो आणि तिथल्या स्वयंपाकात लुडबुड करू लागतो. दर भागात तो रागावून ट्रंक भरतो, घरी निघतो. मग एखादा रुग्ण चमचा खाली ठेवून म्हणतो, "सूप अळणी आहे." झालं! आचारी ट्रंक ठेवतो आणि बाह्या सरसावतो. त्याला 'राहा' असं मात्र कोणी कधी म्हणत नाही.

लोकांना ती मालिका आवडली नाही. काही महिन्यांतच ती बंद पडली. पण बाबा शुवैखच्या वर्कशॉपमधून धावतपळत येऊन ती बघायचे. शेवटचा भाग लागला तेव्हा मी कोरी करकरीत होते. दिवस रमजानचे होते. आचारी ट्रंक घेऊन फाटकाशी उभा, बस आलेली, पायरीवर सगळे रुग्ण गप्प. एकाने बोलायला तोंड उघडलं, आणि मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान लागली. अजानसाठी टीव्हीवरचा कार्यक्रम थांबायचा. बाबांनी रेकॉर्डिंग थांबवलं. तेवढ्यात शेजारचे हमीदचाचा इफ्तारची थाळी घेऊन दारात आले. कोणी दारात ताट घेऊन आल्यावर त्याला आत न बोलावणं बाबांना जमणारं नव्हतं. खजूर झाले, भजी झाली, गप्पा झाल्या. पुन्हा बटण दाबायचं राहूनच गेलं.

दर रमजानला हमीदचाचा विचारत, "क्यों भाई, तुम्हारा बुढ्ढा घर पहुँचा?"

"तुमच्या भज्यांनी अडकवलाय त्याला!" बाबा म्हणत.

माझ्यावर बुरशी चढू नये म्हणून बाबा मला वरचेवर फिरवत. मशीनही स्पिरिटच्या बोळ्याने पुसत. समिधा लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून खदखदून हसायची. पुढे ती मोठी झाली, तिची आई वारली, आणि घरातलं हसणं कमी झालं.

त्या गुरुवारी चित्र तुटलं तसं बाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय गो, कोणीतरी तेका थांबवला असात?"

"बाबा, प्लीज. बंद पडली ना ती मालिका. पुढे काही नाहीये."

"तसा नाय गो. समज, कोणी बोललाच असता तर?"

समिधाने दाराजवळच्या बॅगेकडे पाहिलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग ती फोनकडे वळली. बाबांनी मला बाहेर काढलं, झाकण लावलं आणि म्हणाले, "आमटी उरली हा. उद्या खा."

शुक्रवारी ते झोपेतून उठलेच नाहीत. बाबा कुडाळला गेले, पण त्या तिकिटावर नाही.

काल हमीदचाचा घर आवरायला मदत करत होते. मशीन उचलून त्यांनी विचारलं, "बेटी, ये डब्बा फेंक दूँ?"

"नको चाचा. राहू द्या."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगायला हवं. आम्ही त्यासाठीच बोलतो. पण मला जपून फार काही व्हायचं नाही. माझी फीत झिजत चालली आहे, आणि जे माझ्यात उतरलंच नाही ते कितीही जपलं तरी उमटत नाही. जवळचं माणूस दाराशी बॅग ठेवून वाट पाहत असेल, तर तेवढं ओळखा. एवढंच मागणं.

आज समिधाने स्वतः आमटी केली. ताट घेऊन टीव्हीसमोर बसली आणि मला आत सरकवलं. बस आली. रुग्णाने तोंड उघडलं. अजान लागली, आणि पडदा निळा झाला.

 मग तिने चमचा खाली ठेवला आणि रिकाम्या खुर्चीकडे वळून मोठ्याने म्हणाली,

"बाबा, आमटी अळणी झालीय. जाऊ नका."