म्यूटचं बटण

लातुरात रिमोट दुरुस्त करणारे आता चार-दोनच उरलेत, त्यातला एक मी, लालमहंमद. गंजगोलाईजवळ माझं हातभर दुकान आहे. तीस वर्षं लोकांचे मेलेले रिमोट उघडतोय. हे सांगायचं कारण एवढंच की माझ्या घरचा रिमोट बिघडला होता आणि मी त्याला हात लावला नव्हता.

माझी बायको रजिया गेली, तिचा चाळिसावा परवा झाला. तोवर टीव्ही बंदच होता. लोक येत, माझ्याकडे बघत आणि हा माणूस रडत कसा नाही म्हणून आपसात बोलत. मलाही ते कळत नव्हतं. जेवण पुढे आलं की जेवत होतो, कुणी झोपा म्हटलं की झोपत होतो.

आमची मुलगी नाझनीन आज बिलोलीला परत जायची होती. निघण्याआधी तिनं एक नवा रिमोट माझ्या हातात ठेवला, सगळ्याला एकच चालणारा. टीव्हीचा, सेटटॉप बॉक्सचा, स्पीकरचा असे तीन-तीन रिमोट बाप शोधत बसेल, ही तिची काळजी. मी टीव्हीचा जुना रिमोट घेऊन बसलो. काम समोर आलं की हात आपले चालतात.

असल्या रिमोटला शिकवावं लागतं. जुन्याचं तोंड नव्याच्या तोंडासमोर धरायचं, नव्याचं बटण दाबायचं, मग जुन्याचं तेच बटण दाबायचं. दिवा दोनदा लुकलुकला की शिकला. चालू-बंद शिकला, चॅनल शिकला, आवाज कमी-जास्त शिकला. म्यूट काही शिकेना.

दोष नव्याचा नव्हता. जुन्याचंच म्यूट मेलं होतं. आमच्या घरात ते बटण रजियाचं. अजान सुरू झाली की हातातलं काम टाकून ती टीव्ही गप्प करायची आणि डोक्यावर पदर घ्यायची. पहाटेची सोडली तर दिवसातून चार वेळा. बटण झिजणारच. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, हे लागत नाही, जरा बघा. मी म्हणालो, बघतो. आठवडाभर तिनं आठवण केली. मग विचारणं बंद झालं आणि टीव्ही अजानला पुन्हा गप्प व्हायला लागला. मला वाटलं, बटण आपोआप सुधारलं. असं कधी होत नसतं, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो, आणि घरात मात्र खुशाल मानून बसलो.

नखानं जुना रिमोट उघडला. म्यूटच्या रबराखाली चांदीच्या कागदाचा तुकडा होता, शर्टाच्या बटणाएवढा, कात्रीनं गोल कापलेला. झिजलेलं बटण पुन्हा लागावं म्हणून दुकानात मीही हेच करतो, पण पक्क्या गोंदानं. रजियानं कणकेची खळ लावली होती. ती वाळून सुटली होती.

दुपारी डबा घेऊन यायची तेव्हा माझं जेवण होईपर्यंत ती स्टुलावर बसून कामं बघायची. तिथंच शिकली असणार.

तुकडा नाझनीनला दाखवला. ती म्हणाली, हा माझ्या लायबाच्या चॉकलेटचा कागद. सुट्टीत आलो होतो तेव्हा अम्मीनं नातीकडून मागून घेतला होता. आणि मला बजावलं होतं.

"काय?"

"अब्बाकू नक्को बोल. उनकू बुरा लगेंगा."

मला लाज वाटली. चाळीस दिवसांत काही वाटलं ते हे पहिलंच.

गोंद घरात होता, तो लावला नाही. तिचा तुकडा होता तसाच बोटानं आतल्या सर्किटच्या पट्टीवर दाबून धरला आणि जुना नव्यासमोर केला. दिवा दोनदा लुकलुकला.

दुपार कलली, असरची अजान सुरू झाली तेव्हा बातम्या चालू होत्या आणि नाझनीन पिशवी भरत होती. मी म्यूट दाबलं. टीव्ही गप्प झाला. तिनं डोक्यावर ओढणी घेतली.

अजान संपली. आवाज परत आणायचा तर तेच बटण पुन्हा दाबायचं असतं. मी रिमोट हातात धरून बसलो. बातम्या देणारीचे ओठ हलत होते. नाझनीननं दोनदा विचारलं, अब्बा, आवाज?

मी म्हणालो, बघतो.