महादू आबांच्या खडपांची यादी

२०१० सालची गोष्ट. जामसंड्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये रिशेल फर्नांडिस शिकवायची. दहा पडद्यांमागे खरं यंत्र एकच, एक जुना सर्व्हर. त्यावर तिने प्रत्येकासाठी वेगळं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे त्याच यंत्राच्या पोटातला भासमान कॉम्प्युटर, थाटलं होतं. सगळी मशीनं एकाच मूळ प्रतीतून काढलेली. कुणी काही बदललं, की डिस्कवरच्या फाइली सांभाळणारी फाइल सिस्टीम जुन्यावर न खरडता तेवढाच बदल नव्या जागी लिहायची. म्हणून तर छोट्या डिस्कवर दहाजण मावले होते. दर शुक्रवारी रिशेल स्नॅपशॉट घ्यायची, म्हणजे त्या वेळची स्थिती जशीच्या तशी राखून ठेवायची.

जानकी सकाळची मासळी विकून दुपारी क्लासला यायची. टायपिंगच्या सरावासाठी तिने सासऱ्यांचं, महादू आबांचं ज्ञान लिहायला घेतलं होतं. समुद्रात खडपं, म्हणजे पाण्याखालचे खडक, कुठे आहेत, जाळं कुठे फाटतं, देवळाचा कळस कोणत्या झाडाच्या रेषेत आला की होडी वळवायची. आबांची दृष्टी गेली होती, पण त्यांना सगळं पाठ होतं.

एका बुधवारी सगळी मशीनं अडकली. डिस्क भरली होती. विद्यार्थ्यांच्या नको असलेल्या फाइली पुसूनही जागा होईना, कारण जुनं सगळं स्नॅपशॉटनी धरून ठेवलेलं. त्यातच जानकीची यादी अर्धवट साठवली गेली आणि उघडेनाशी झाली. मुलं खोळंबली होती. क्लासचे मालक म्हणाले, सगळे स्नॅपशॉट उडव आणि नव्याने सुरू कर. रिशेलने फक्त सर्वांत जुने पुसले, आणि गेल्या शुक्रवारच्या स्नॅपशॉटमधून जानकीचं मशीन पुन्हा उभं केलं.

मग तिने जानकीला बाजूला बसवलं.

"वयनी, चूक माझी. डिस्क भरत इली ता माका आधीच बघूक व्हया होता. शुक्रवारपर्यंतचा गावला. मागसून लिवलेली सहा खडपां गेली."

जानकीने उरलेली यादी शेवटपर्यंत तपासली. मग म्हणाली, "आबांका परत इचारतंय."

पण घरी गेल्यावर विचारायचा तिला धीर होईना. म्हातारा दमून जायचा. जेवणानंतर तिने कसंबसं सांगितलं, की लिहिलेलं गेलं. आबा रागावले नाहीत. त्यांनी एकेक खडप पुन्हा सांगितलं. पाचव्यापाशी मात्र थांबले.

"ह्या मी तुका मुद्दाम चुकीचा सांगितलंय होता," ते म्हणाले. "थंय मासो भरपूर. दुसऱ्याक कळू नये म्हणान. पण तू परत इचारूक इलंस. आता खरा लिव."

जानकीने ते कागदावर उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये तिने सहाही खडपं टाइप केली आणि सगळी यादी छापून मागितली. रिशेलने दोन प्रती काढल्या. डिस्क पुन्हा भरू नये म्हणून त्याच आठवड्यात तिने मशीनं सातवर आणली आणि मुलांच्या दोन तुकड्या केल्या. मालक कुरकुरले. घरी जानकीने आबांना सगळी यादी वाचून दाखवली. त्यांनी आधीच्या खडपांतल्या, स्वतःच मुद्दाम सांगितलेल्या आणखी दोन चुका काढल्या.